डिंडोलीचा रंधा

अमळनेरहून सुरतेची गाडी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, एक टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि अडीच किलोचा एक लोखंडी रंधा होता. गोळ्या विसरले असते तरी चाललं असतं. रंधा आदल्या दिवशीच मऊ सुती साडीत गुंडाळून ठेवला होता आणि स्टेशनवर जाईपर्यंत तीनदा उघडून पाहिला होता. साठी उलटलेली बाई एखाद्या रंध्याकडे असं टक लावून बघते, याचं आमच्या गल्लीत आता कुणाला नवल वाटत नाही. ‘बाईंच्या अंगात पुन्हा लोखंड आलं’ एवढंच म्हणतात.

शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर भजनी मंडळ, योगवर्ग, भाच्याच्या मुलांचा अभ्यास असे सगळे उपाय लोकांनी सुचवले. मी भंगारवाल्याकडून एक गंजलेली करवत आणली. ती दोन दिवस पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, तारेच्या ब्रशने घासली, पॉलिश पेपरने पुसली, आणि आतून कारखान्याचं नाव वर आलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. पटाशा, पाने, हातोड्या, भोकं पाडायचे सामते, जे हाताला लागेल ते मी घरी आणते आणि कारखान्यातून निघताना दिसलं असेल तसं करून ठेवते. आमचा अशा वेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. तिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो टाकायचे आणि शाबासकी घ्यायची. शिक्षकाला शाबासकी देण्याची सवय असते, घेण्याची चटक निवृत्तीनंतर लागते.

हा रंधा मात्र माझा नव्हता. माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा हिच्या वडिलांचा होता. सुनंदा आठवीपर्यंत अमळनेरला मावशीकडे शिकली, मग आई गेली म्हणून सुरतेला बापाकडे गेली ती तिकडचीच झाली. नवरा पलसाण्याच्या एका डाईंग युनिटमध्ये बारा तासांच्या पाळीत, आणि ती स्वतः घरी साड्यांवर खडे चिकटवते. श्रावणात खाडीचं पाणी डिंडोलीत तिच्या घरात शिरलं आणि दोन दिवस हललं नाही. पलंगाखालची वडिलांची हत्यारांची पेटी त्या पाण्यात होती. नवरात्रात मावशीला भेटायला आली तेव्हा ती प्लास्टिकच्या पिशवीतून हा रंधा घेऊन माझ्याकडे आली. तांबडा लाल, पातं गच्च बसलेलं.

“बाई, बाबा उठतच नाहीत,” ती म्हणाली. “पाणी गेलं तेव्हापासून पडून आहेत. जेवण म्हटलं की दोन घास. काही विचारलं तर एकच, रंधा चालू झाला की उठतो. तुम्ही फक्त गंज काढून द्या.”

फक्त गंज काढून द्या, असंच ती म्हणाली होती. हे मला आता पक्कं आठवतं.

मी महिनाभर त्या रंध्यासाठी खपले. रॉकेलमध्ये भिजवला, पातं सोडवलं, धार लावली, तळ काचेवर घासून सपाट केला. मागची मूठ तर बघवत नव्हती. मूळ मूठ कधीच मोडलेली होती आणि तिच्या जागी कुणीतरी लाकडाचा एक वेडावाकडा गोळा ठोकला होता. एका बाजूला फुगलेला, दुसरीकडे खड्डा पडलेला, खाली एक तिरपी खुंटी, मध्ये मध्ये काळी लाख भरलेली, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. तिचा फोटो ग्रुपवर टाकून मी खाली लिहिलं, ‘ही पाहा कलाकारी’. चाळीस जण हसले. मग मी जुन्या नमुन्यावरून शिसवीची नवी मूठ कोरली, तेल पाजलं, आणि सुनंदाला मुद्दाम काही कळवलं नाही. बाबांच्या हातात दिल्यावर त्यांचा चेहरा मला स्वतः पाहायचा होता. खरं सांगायचं तर त्यासाठीच मी सुरतेला निघाले होते. नाहीतर कुरियर होतंच की.

दिवाळी नुकतीच झाली होती. गावाकडून परतणाऱ्या माणसांनी डबा भरला होता. पिठाच्या गोण्या, बाजरी, कांद्याच्या पिशव्या, एका माणसाच्या मांडीवर तर अख्खा पाटा. नंदुरबारला माझ्या शेजारी एक बाई लेकरू घेऊन बसली. माझ्या मांडीवरचं बोचकं तिने दोनदा पाहिलं आणि शेवटी विचारलंच.

“काय शे माय तेम्हा? देव शे का?” (काय आहे गं त्यात? देव आहे का?)

“रंधा,” मी म्हटलं.

तिने लेकराला दुसऱ्या बाजूला घेतलं. थोड्या वेळाने मात्र तिनेच कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. तिचा नवरा सुरतेजवळच्या सचिन या कारखान्यांच्या वसाहतीत यंत्रमागावर होता. दोघांची पाळी उलटसुलट असते, म्हणाली, एकाच खाटेवर तो दिवसा झोपतो नि ती रात्री. चांगलं चाललंय का, असं विचारलं तर ती नवापूरचे सागाचे डोंगर मागे पडेपर्यंत लेकराला भाकरीचे तुकडे भरवत राहिली. मग म्हणाली, “गावाले काय शे?” (गावात काय आहे?) पुढे व्यारा आलं, उसाचे मळे आले, बारडोली गेली, आणि क्षितिजावर धुरांडी दिसायला लागली तशी डब्यातली माणसं एकेक करून गप्प झाली. शाळेची सुट्टी संपताना पोरं गप्प होतात तशी.

सुरतेच्या अलीकडच्या उधना स्टेशनवर उतरले. दारापाशी सामान तपासणारा पोलीस उभा होता. माझं बोचकं उघडून तो दचकलाच.

“ये क्या है, माताजी?”

“रंधा. लकडी छीलने का.”

“आप छीलती हो?”

“नहीं, चमकाती हूं.”

त्याला याचा अर्थ लागेना. मलाही त्या वेळी आपण केवढं खरं बोललो ते कळलं नाही. त्याने रंध्यात स्वतःचा चेहरा पाहिला, मिशी सारखी केली आणि मला जाऊ दिलं.

डिंडोलीपर्यंत रिक्षा केली. वाटेत खाडी लागते. तिला नाला म्हणायचं की नदी हे तिलाच ठाऊक नसावं. पाणी जांभळट होतं आणि वास असा की रिक्षावाल्यानेही रुमाल लावला. पुढे घरांच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला एक मळकट रेघ सुरू झाली, ती पार सुनंदाच्या गल्लीपर्यंत सोबत आली. काहींनी तिच्यावर चुना मारला होता, पण रेघ चुन्यातून वर येत होती. गल्लीत मराठी, हिंदी, गुजराती असं सगळं एकाच वाक्यात चाललं होतं. एक पोरगी आईला म्हणत होती, “मम्मी, मी नथी जाणार, बोल दिया ना.” माझ्यातली शिक्षिका कळवळली.

सुनंदाचं घर म्हणजे एकापुढे एक अशा दोन खोल्या. पुढच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे, खड्यांच्या पुड्या, डिंकाचा वास, कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती. खिडकीखाली लोखंडी खाट आणि तिच्यावर चादर गळ्यापर्यंत ओढून पडलेले तुळशीरामबाबा. सत्तरीच्या पुढचे, गालफडं बसलेली. मी आत गेले तसं त्यांनी मान उचलली. “जय भीम, बाई. या.”

सुनंदाने चहा ठेवता ठेवता बापाची हकिकत सांगितली, म्हणजे मला नव्हती माहीत तेवढी. गावात सुताराच्या मेटावर, म्हणजे त्याच्या कामाच्या जागी, यांना उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागे, हत्याराला हात लावायची सोय नव्हती. सुरतेला मिलमध्ये झाडूवर लागले, तिथून सुतारखात्यात घुसले आणि कारागीर झाले. हा रंधा त्यांचा स्वतःच्या मालकीचा पहिला. मिल बंद पडल्यावर ते घरीच कापडाच्या घड्या घालायच्या फळ्या करून द्यायला लागले. कापड बाजारात त्यांच्या फळीला नाव होतं. फळीवर बारीक कूस राहिली तरी रेशमाचा धागा ओढला जातो, म्हणून बाबा तासलेल्या फळीवरून जॉर्जेटची चिंधी फिरवत. ती कुठे जराशी अडली की पुन्हा रंधा. पुरापर्यंत हे काम चालू होतं.

“बाबा, बाईंनी आणलाय,” सुनंदा म्हणाली.

मी साडीची घडी उलगडली. दारात शेजारच्या दोघीतिघी जमल्या होत्या, त्यांनी ‘अगं बाई’ केलं. रंधा खरंच झळाळत होता. मी शाळेतल्या बक्षीस समारंभासारखा तो दोन्ही हातांनी पुढे धरला.

बाबांनी डाव्या हाताने तो घेतला. मग चादरीतून उजवा हात बाहेर काढला.

त्या हाताला पहिलं नि मधलं बोट नव्हतं. मुळापासूनच नव्हतं. तिसरं बोट अर्धं होतं आणि आत वळून घट्ट झालेलं. अंगठा, करंगळी आणि तळव्याचा मांसल भाग एवढंच काय ते कामाचं उरलं होतं. अंगठ्याला खड्डा हवा होता, करंगळीला अडकायला खुंटी हवी होती, आणि रेटा द्यायला तळव्याखाली फुगवटा हवा होता. मी ज्याला वेडावाकडा गोळा म्हणत होते तो त्या हाताचा उलटा साचा होता. हे मला एका क्षणात कळलं. इतकं लख्ख मला आयुष्यात फार कमी वेळा काही कळलं आहे.

बाबा खाटेच्या काठावर येऊन बसले. सुनंदाने एक फळी टेकवून दिली. त्यांनी माझ्या गुळगुळीत शिसवी मुठीवर तळवा ठेवला, करंगळी खाली शोधत गेली, तिला काही सापडलं नाही. त्यांनी रेटा दिला. रंधा तिरपा होऊन कलंडला, हात मुठीवरून घसरला आणि तळव्याची कड खाली उघड्या पडलेल्या पात्यावर घासली. पुन्हा एकदा केलं. पुन्हा तेच झालं. मी लावलेली धार चांगलीच होती, फळीवर रक्ताचे तीन ठिपके पडले. सुनंदा चिंधी घेऊन धावली. दारातल्या बायका हळूच निघून गेल्या.

“लई देखणं केलं, बाई,” बाबा म्हणाले. रागाने नाही, अगदी मनापासून. मग रंधा मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, “जुनी मूठ सोबत आणली का?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “घरी आहे. राहून गेली.”

हे खोटं होतं. ती मूठ मी काढली त्याच दिवशी बंबात घातली होती. ओलं लाकूड आणि लाख, पेटायला वेळ लागला होता.

“पाठवते कुरियरने,” मी पुढे म्हणाले. एकदा सुरुवात केली की खोटं फार नेटकं बोलता येतं. “आठवड्यात येईल.”

बाबांनी मान डोलावली आणि सुनंदाकडे पाहिलं. “भरीत करशी का आज?” त्या संध्याकाळी त्यांनी दीड भाकरी खाल्ली, वांग्याचं भरीत दोनदा वाढून घेतलं. सुनंदा माझ्याकडे अशी बघत होती की मी जणू मेलेला माणूस उठवला. मी माझं ताट बाजूला सारलं. प्रवासाने पोट बिघडलं असं सांगितलं. खोट्यात आणखी एकाची भर.

सकाळी बाबा माझ्याआधी उठलेले होते. शेजारच्या न्हाव्याला बोलावून त्यांनी दाढी करून घेतली. मी त्यांच्याकडे न बघता सुनंदाला म्हटलं, सचिनला जुन्या हत्यारांचं दुकान आहे असं ऐकलंय, जाऊन येते. नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं तर त्याने एका मिस्त्रींचं नाव सांगितलं. ओतकामासाठी लाकडाचे साचे करणारे जयंतीभाई. साचे करणाऱ्याला मूठ काय जड, असा माझा हिशेब.

शेअर रिक्षात मला मधली जागा मिळाली. एकीकडे कापडाच्या ताक्याला मिठी मारून बसलेला माणूस, दुसरीकडे झोपलेला. रात्रपाळी सुटली होती आणि रस्त्यावरून माणसांचा लोंढा चालला होता, बहुतेकांच्या केसांना कापसाचे तंतू चिकटलेले. वसाहतीच्या तोंडाशी एका गाडीवर लोचो मिळत होता (वाटलेल्या डाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ, वर तेल आणि शेव). आदल्या दिवशीची उपाशी होते म्हणून घेतला. चव चांगली असणार, लोक रांग लावून खात होते. मला तो मातीसारखा लागला.

जयंतीभाईंचं दुकान एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. साठीचा माणूस, कानामागे पेन्सिल. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. तोच, चाळीस जण हसले होते तो. खाली माझं वाक्य होतं, ते मी अंगठ्याने झाकलं. जयंतीभाईंनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

“आ तो कोई कारीगरे बनाव्युं छे,” ते म्हणाले. (हे तर कुणा कारागिराने बनवलंय.) चाळीस जणांत हे एकालाही दिसलं नव्हतं. “पण बेन, तमे एकज बाजू पाडी छे. पेली बाजू?” (पण ताई, तुम्ही एकाच बाजूचा फोटो काढलाय. पलीकडची बाजू?)

दुसरी बाजू नव्हती. रंध्याच्या ज्या अंगाला कंपनीचं नाव कोरलेलं होतं त्याच अंगाचा फोटो मी काढला होता. खुंटी पलीकडे होती. तिचं टोक तेवढं दिसत होतं.

“जेवढं दिसतंय तेवढ्यावरून करा,” मी हिंदी-मराठीत मिसळून म्हटलं.

त्यांनी मोबाइल परत दिला. “फोटा परथी मूठ ना बने. हाथ लावो.” (फोटोवरून मूठ होत नाही. हात घेऊन या.) “ने असल क्यां छे?” (आणि मूळची कुठे आहे?)

त्या अनोळखी माणसाला मी खरं सांगून टाकलं. मी जाळली, म्हटलं. त्यांना मराठी नीट कळलं नसेल असं वाटलं म्हणून हाताने बंबाची आग दाखवली. जयंतीभाईंनी हात लांब करून चालू असलेली करवत बंद केली. त्यांनी चहा मागवला आणि फळीखालून सागाचा एक चांगला सुका ठोकळा काढून माझ्या पिशवीत टाकला. मी पर्स उघडली तर हात हलवला. “तमे जाते बनावजो. एमनी सामे बेसीने.” तुम्ही स्वतः करा, त्यांच्यासमोर बसून.

परतीच्या रिक्षात मी ठरवलं, सांगायचं. आणखी आठ दिवस कुरियरची वाट बघायला लावून मग फोनवर सांगणं मला जमणार नव्हतं. शिवाय ठोकळा होता. समोर बसून हाताचं माप घेऊ, हवं तर पंधरा दिवस राहू, असं मी मनात रचत गेले. चूक कबूल केली की निम्मी दुरुस्ती होते, असं मी वर्गात कितीदा सांगितलं असेल.

घरी पोचले तेव्हा बाबा खाटेवर नव्हते. जमिनीवर पोतं अंथरून बसले होते. समोर तीन फळ्या, त्यांवर पेन्सिलीच्या खुणा केलेल्या, जॉर्जेटची गुलाबी चिंधी धुऊन खिडकीच्या गजाला वाळत घातलेली. मला पाहून म्हणाले, “पाना काढून ठेवलाय, बाई. मूठ आली की दोन मिनिटांत बसवतो.” सुनंदा कोपऱ्यात साडीवर खडे लावत होती आणि चक्क गुणगुणत होती.

मी त्यांच्यासमोर बसले. “बाबा, मूठ येणार नाही.”

“काब्र?” (का?)

“माझ्याकडे नाही ती. काल खोटं बोलले. मला वाटलं खराब झालेली आहे. मी ती जाळली, बंबात.”

सुनंदाचं गुणगुणणं थांबलं. इतका वेळ माझ्याशी बाबा पुस्तकी मराठी बोलण्याची शिकस्त करत होते, आता घरच्या बोलीवर आले.

“धूर काया निंघना व्हई,” ते म्हणाले. धूर काळा निघाला असेल. “लाख व्हती.”

“हो. काळाच निघाला.”

“पानी तपनं का?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पाणी तापलं का, असं ते विचारत होते.

“तापलं,” मी म्हटलं.

“मंग कामे तं उनी.” (मग कामी तरी आली.)

यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. आयुष्यभर लाकूड वाया जाऊ न देणाऱ्या माणसाने खरोखरच चौकशी केली होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. नाक पुसत मी पिशवीतून ठोकळा काढला, मापाचं बोलले, राहण्याचं बोलले. त्यांनी तो सागाचा तुकडा हातात घेतला, वास घेतला, चांगला आहे म्हणाले. मग उजवा हात माझ्यासमोर उलटा करून धरला.

“मिलमध्ये मशीनच्या पट्ट्यात हात गेला तेव्हा जखम अशी उघडी होती. मूठ बसवली नि काम धरलं. मांस आटलं की लाख भरायची, हाड टोचलं की खरवडायचं. दर महिन्याला थोडं थोडं. दहा वरसांनी बसली ती, बाई. मग हात विसरला की बोटं नाहीत.” ते थांबले. “आता दहा वरसं कोठून आनू?”

मी म्हटलं, या वेळी लवकर होईल. त्यांनी ठोकळा रंध्याशेजारी ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठले, खाटेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून चादर ओढून घेतली. फळ्या तशाच पडून राहिल्या. दुपारी सुनंदाने ताट नेलं ते तसंच परत आणलं.

मी दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबून पाहिलं. सकाळी हाताचा ठसा उमटावा म्हणून ठोकळ्याला मातीचा लेप देऊन त्यांच्या उशाशी बसले, हात तेवढा ठेवा, बाकी मी करते म्हणाले. ते जागे होते. हात चादरीतच राहिला. शेवटी सुनंदाच म्हणाली, “बाई, तुमची गाडी चुकेल.”

उधन्याला सोडायला ती आली. फलाटावर पाण्याची बाटली माझ्या हातात देताना मात्र तिला राहवलं नाही.

“आठ दिवस तरी राहू द्यायचं होतं. जेवत होते ना ते.”

“आठ दिवसांनी काय केलं असतं गं?”

“ते मी पाहिलं असतं.” तिचा आवाज शाळेत असताना होता तेवढाच बारीक होता. “तुम्ही सांगितलं आणि मोकळ्या झालात. इथे मला राहायचंय त्यांच्यासोबत.”

वर्गात मी तिला कधी गप्प बसवलं नव्हतं, तिथे बसवण्याचा प्रश्नच नव्हता. ती रागावून गेली नाही. गाडी हलेपर्यंत खिडकीला धरून उभी होती आणि गाडी हलल्यावर तिने हातही हलवला. हेच जास्त लागलं.

परतीचा डबा रिकामा होता. दिवाळीनंतर त्या दिशेला कोण जाणार? खिडकीतून तेच मळे, तेच डोंगर उलट्या क्रमाने गेले आणि मी काही पाहिलं नाही. खरं बोलायला मी तिथे थांबले होते की ओझं टाकायला, हा प्रश्न मी नवापूरपर्यंत स्वतःला विचारला. आजही विचारते. बाबांनी माफ केलं असं मी कुणाला सांगू शकत नाही, कारण माफी त्यांच्याकडे मी मागितलीच नव्हती. मूठ जाळली एवढं मी सांगितलं, चूक झाली असं म्हटलं नाही. मापं घ्यायच्या घाईत ते राहूनच गेलं. आता फोन केला की सुनंदा म्हणते, आहेत, बरे आहेत, झोपलेत.

घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला. भिंतीवरच्या फळीवर माझी हत्यारं ओळीने मांडलेली आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती कौतुकाने दाखवते. कोणत्या कारखान्याचं कोणतं, पोलाद कसलं, गंज किती खोल गेला होता, सगळं मला तोंडपाठ आहे. त्या दिवशी मी ती एकेक करून खाली काढली आणि हातात धरून पाहिली. करवत, पटाशा, हातोड्या, सामते. आली तेव्हा त्यांच्या मुठींवर काय काय होतं ते आठवायचा प्रयत्न केला. कुठे चिंध्या गुंडाळलेल्या, कुठे एका बाजूने झिजलेलं, एका पटाशीला दोरा होता. कुणाचा हात होता, डावखुरा होता की मोडका, मला एकाचंही सांगता येईना. सगळ्यांना मी नव्या, सुबक मुठी बसवल्या आहेत. एकूण अडतीस आहेत, आणि अडतीसच्या अडतीस माझ्या हातात अगदी बरोबर बसतात.